नॅन्टकेट बेटावरील फ्रेडरिक डग्लस यांच्या भाषणाचा स्मरणदिन कसा आखावा

ऑगस्ट १८४१मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅन्टकेट या बेटावर गुलामगिरीविरोधी परिषद भरली होती. मुख्य भूमीवरील न्यू बेडफर्ड बंदरात अंगमेहनतीची कामे करून पोट भरणारे, जेमतेम तेवीस वर्षांचे फ्रेडरिक डग्लस तेथे श्रोते म्हणून गेले होते. मेरीलँडमधील गुलामगिरीतून निसटून त्यांना अजून तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. न्यू बेडफर्डमधील कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या सभेत त्यांचे बोलणे ऐकलेल्या विल्यम कॉफिन यांनी त्यांना गर्दीतून शोधून काढले आणि चार शब्द बोलण्याचा आग्रह धरला. डग्लस बोलले, आणि परिषद संपताच मॅसॅच्युसेट्स गुलामगिरीविरोधी संस्थेचे जॉन कॉलिन्स यांनी संस्थेचे प्रचारक म्हणून काम करण्याची विनंती त्यांना केली. अमेरिकेच्या एका थोर वक्त्याचे सार्वजनिक आयुष्य या बेटावरून सुरू झाले.

या घटनेचे स्मरण करणारा कार्यक्रम ज्यांना उभा करायचा आहे, मग ते ग्रंथालयाचे स्वयंसेवक असोत, शिक्षक असोत की स्थानिक इतिहासाचे अभ्यासक, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. त्या दिवशी बोलणारा एक होता आणि ऐकणारे सभागृहभर होते. म्हणून वक्त्याचा गौरव करून थांबणारा कार्यक्रम अर्धाच राहतो. ज्या बेटाने त्यांना ऐकले त्या बेटाचा तेव्हाचा खराखुरा चेहरा, त्यातील धैर्य आणि त्यातील खोट या दोन्हींसह, कार्यक्रमात दिसला पाहिजे.

आधी काय पक्के आहे ते ठरवा

निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी तारीख, जागा आणि भाषणाचा मजकूर या तीन गोष्टींबाबत समितीने एकत्र बसून स्पष्टता करून घ्यावी. डग्लस यांनी १८४५च्या आत्मचरित्रात ११ ऑगस्ट १८४१ ही तारीख दिली आहे, तर परिषद एकापेक्षा अधिक दिवस चालली होती. त्यामुळे ११ ऑगस्ट हा मुख्य दिवस धरून त्याच्या आगेमागे एखादा उपक्रम ठेवण्यास हरकत नाही.

जागेबाबत अधिक सावध राहावे लागते. परिषदेचे नाव नॅन्टकेट ॲथेनियम या ग्रंथालयाशी जोडले जाते आणि आजही ते ग्रंथालय गावाच्या मध्यभागी, इंडिया स्ट्रीटवर उभे आहे. मात्र जुलै १८४६च्या भीषण आगीत गावाचा मोठा भाग जळाला, त्यात ॲथेनियमची मूळ इमारत आणि तिचा संग्रहही गेला. आज दिसणारी पांढऱ्या खांबांची इमारत १८४७मध्ये सुरू झाली. म्हणून आजच्या सभागृहात पाहुण्यांना उभे करून ‘याच छताखाली १८४१मध्ये डग्लस बोलले’ असे सांगणे चुकीचे ठरेल. संस्था तीच आहे, वास्तू ती नव्हे, एवढे निवेदनात एकदा नीट सांगितले की पुढे कोणाचा गैरसमज होत नाही. जाता जाता एक सांगण्याजोगी गोष्ट अशी की, परिषदेच्या काळात या ग्रंथालयाच्या ग्रंथपाल माराया मिचेल होत्या. त्यांनीच पुढे १८४७मध्ये धूमकेतू शोधून जगभर नाव मिळवले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. त्या भाषणाची शब्दशः नोंद उपलब्ध नाही. स्वतः डग्लस यांनी १८५५च्या दुसऱ्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, आपण केलेल्या भाषणांपैकी ज्यातले एकही सलग वाक्य आपल्याला आठवत नाही असे जवळजवळ हे एकच भाषण आहे. एवढ्या स्पष्ट कबुलीनंतर ‘डग्लस यांचे नॅन्टकेटचे भाषण’ म्हणून एखादा कल्पित मजकूर लिहून नटाकडून वदवून घेणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे. लोकांना ते नाट्य आवडेल, टाळ्याही पडतील, आणि घरी जाताना लोक न उच्चारलेले शब्द खरे मानून सोबत नेतील. हा मोह समितीने पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

फलक लावायचा असेल तर

कायमस्वरूपी खूण म्हणून फलक लावण्याची कल्पना बहुतेक समित्यांना सुचते. सगळे बेट ऐतिहासिक क्षेत्र म्हणून संरक्षित असल्याने इमारतीच्या बाहेरून दिसणाऱ्या कोणत्याही फलकासाठी ऐतिहासिक क्षेत्र आयोगाची परवानगी लागते, आणि ती प्रक्रिया कार्यक्रमाच्या बरीच आधी सुरू करावी लागते. पण परवानगीपेक्षा मजकूर अवघड असतो. पहिला मसुदा साधारणपणे असा लिहिला जातो:

‘गुलामगिरीतून मुक्त झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी येथे १८४१ साली आपले पहिले भाषण केले.’

या एका वाक्यात तीन चुका आहेत. ‘येथे’ हा शब्द का चालत नाही ते वर सांगितलेच आहे. ‘पहिले भाषण’ हेही खरे नाही, कारण न्यू बेडफर्डच्या कृष्णवर्णीय समाजात, चर्चमध्ये आणि गुलामगिरीविरोधी सभांमध्ये, ते याआधी बोलत असत; तेथे ऐकले म्हणूनच तर कॉफिन यांनी त्यांना पुढे केले. ज्या समाजाने त्यांना बोलते केले त्याला या दोन शब्दांनी आपण इतिहासातून पुसून टाकतो. आणि ‘मुक्त झालेले’ ही चूक सर्वांत मोठी आहे. १८४१मध्ये कायद्याच्या दृष्टीने डग्लस हे मेरीलँडमधील एका मालकाची मालमत्ता होते. १७९३च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याने त्यांना मॅसॅच्युसेट्समधूनही पकडून नेता आले असते. ब्रिटनमधील मित्रांनी पैसे गोळा करून मालकाला दिले आणि डिसेंबर १८४६मध्ये ते कायद्याने स्वतंत्र झाले. म्हणजे त्या सभेत उभे राहून आपली कहाणी सांगणे हे स्वतःचा ठावठिकाणा जाहीर करणे होते. कॉलिन्स यांची विनंती मान्य करताना ते कचरले त्यामागे हेही एक कारण होते, आणि प्रथम त्यांनी केवळ तीन महिन्यांसाठी होकार दिला.

सुधारलेला मजकूर असा करता येईल:

‘ऑगस्ट १८४१मध्ये नॅन्टकेट येथे भरलेल्या गुलामगिरीविरोधी परिषदेत फ्रेडरिक डग्लस बोलले. न्यू बेडफर्डच्या कृष्णवर्णीय समाजात ते आधीपासून बोलत होते; प्रामुख्याने गोऱ्या असलेल्या श्रोत्यांसमोर बोलण्याचा हा त्यांचा पहिला मोठा प्रसंग होता. तेव्हा कायद्याने ते गुलाम होते, आणि पकडले जाण्याचा धोका पत्करून ते उभे राहिले.’

मजकूर लांबला असे कोणी म्हणेल. तरीही शेवटचे वाक्य कापू नये. जागा कमी असेल तर देणगीदारांची नावे कापावीत.

कार्यक्रमाचा गाभा: सामूहिक वाचन

भाषण उरलेले नसले तरी त्याच्याविषयी लिहिलेले तीन उतारे उरले आहेत, आणि ते मोठ्याने वाचण्यासारखे आहेत. पहिला उतारा १८४५च्या आत्मचरित्राच्या शेवटचा. त्यात डग्लस सांगतात की गोऱ्या लोकांसमोर बोलण्याच्या विचाराने मनावर दडपण आले होते, आपण गुलामच आहोत असे वाटत होते, पण काही क्षण बोलल्यावर मोकळे वाटू लागले आणि म्हणायचे ते बऱ्याच सहजपणे म्हणता आले. दुसरा उतारा १८५५चा. तेथे हाच माणूस त्याच प्रसंगाविषयी लिहितो की धड उभे राहणे कठीण झाले होते, अंग थरथरत होते आणि अडखळल्याशिवाय दोन शब्दही तोंडून फुटत नव्हते. हे दोन उतारे दोन वेगवेगळ्या वाचकांनी पाठोपाठ वाचावेत आणि मध्ये निवेदकाने काहीही स्पष्टीकरण देऊ नये. दहा वर्षांच्या अंतराने माणूस स्वतःच्याच भीतीकडे कसा परत जातो, हे श्रोत्यांना आपोआप कळते.

तिसरा उतारा गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८४५च्या त्याच आत्मचरित्राला लिहिलेल्या प्रस्तावनेतील आहे. डग्लस बोलून बसल्यावर गॅरिसन उठले होते. कायदा काहीही सांगो, या तरुणाला पुन्हा गुलामगिरीत नेऊ द्याल का, असा प्रश्न त्यांनी सभेला विचारला आणि सगळ्या सभेने एका आवाजात ‘नाही’ म्हणून गर्जना केली. त्याला आपला बंधू मानून त्याचे रक्षण कराल का, या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर आले. या ठिकाणी वाचकाने थांबावे आणि ते ‘नाही’ आणि ‘होय’ आजच्या श्रोत्यांनी म्हणावेत. त्यासाठी छापील पत्रिकेत ते दोन शब्द ठळक टाइपात द्यावेत आणि निवेदकाने सुरुवातीला एकदाच सांगून ठेवावे. तालीम घेऊ नये. पहिला ‘नाही’ थोडा विस्कळीत, लाजरा येतो, आणि तो तसाच येऊ द्यावा.

मॅसॅच्युसेट्समध्ये सामूहिक वाचनाची चांगली परंपरा तयार झाली आहे. मास ह्युमॅनिटीज ही संस्था राज्यभरातील गावांना डग्लस यांच्या ५ जुलै १८५२च्या, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील स्वातंत्र्यदिनावरील भाषणाचे सार्वजनिक वाचन करण्यास मदत करते. त्यासाठी ती संक्षिप्त संहिता आणि लहानशी अनुदानेही देते. त्या भाषणातील काही परिच्छेद कार्यक्रमाच्या उत्तरार्धात जरूर घ्यावेत, कारण थरथरत उभा राहिलेला तरुण अकरा वर्षांत कोठे पोहोचला ते त्यातून ऐकू येते. फक्त त्याने मूळ प्रसंग झाकला जाणार नाही, इतकेच घ्यावे.

वाचकांची निवड करताना चांगला आवाज ही एकमेव कसोटी ठेवू नये. बोटीवर काम करणारे, दुकानदार, परिचारिका, निवृत्त शिक्षक, शाळकरी मुले अशी माणसे बेटाचा आवाज बनवतात. प्रत्येकाला एकच परिच्छेद द्यावा, परिच्छेदांना क्रमांक घालावेत, अक्षर मोठे छापावे आणि पान उलटावे लागणार नाही अशी मांडणी करावी. वाचक पुढच्या दोन रांगांत क्रमाने बसलेले असावेत आणि दोन बाजूंना दोन ध्वनिक्षेपक ठेवावेत; एक वाचत असताना दुसरा दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहतो आणि मध्ये रिकामी शांतता पडत नाही. ध्वनिक्षेपकाची उंची कमी-जास्त करण्यासाठी एक स्वयंसेवक नेमावा, अन्यथा दहा वर्षांच्या वाचकाचा परिच्छेद कोणालाच ऐकू जात नाही.

जुन्या संहितांमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वापरले जाणारे अपमानकारक शब्द येतात. ते वाचायचे की गाळायचे, हा निर्णय व्यासपीठावर सोडू नये. तो परिच्छेद ज्याच्या वाट्याला आला आहे त्याच्याशी आधी बोलावे, आणि निर्णय घेताना समितीतील कृष्णवर्णीय सदस्यांचा शब्द अंतिम मानावा. लिलावाचे किंवा फटक्यांचे प्रसंग अभिनयाने दाखवू नयेत, मुलांकडून तर कधीच नाही.

बेटाने स्वतःचा आरसा पाहावा

गॅरिसन यांच्या प्रश्नाला सभेने ‘नाही’ म्हटले, हे बेटाला अभिमानाने सांगता येते. त्याच बेटाने त्याच्या आदल्याच वर्षी आणखी एक ‘नाही’ म्हटले होते. युनिस रॉस ही कृष्णवर्णीय मुलगी १८४०मध्ये हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाली आणि केवळ वर्णामुळे गावाने तिला प्रवेश नाकारला. १८४५मध्ये तिने राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. पात्र असूनही रंगामुळे आपल्याला शाळेबाहेर ठेवल्याचे त्यात तिने लिहिले. बेटावरील कृष्णवर्णीय रहिवाशांनी स्वतंत्र अर्ज केला. त्याच वर्षी राज्याने कायदा करून सार्वजनिक शाळेतून बेकायदा वगळल्या गेलेल्या मुलांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क दिला, आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत बेटावरच्या शाळा सर्वांना खुल्या झाल्या. तोवर युनिसचे शाळेचे वय उलटून गेले होते.

तिला शिकवणाऱ्या ॲना गार्डनर या तरुण शिक्षिका १८४१ची परिषद बोलावण्यात पुढे होत्या. म्हणजे डग्लस ज्या सभेत उभे राहिले ती सभा आणि युनिससाठी बंद राहिलेली शाळा यांचा धागा एकाच व्यक्तीपाशी जुळत होता. माझ्या मते कार्यक्रमातील सर्वांत मोलाचा क्षण येथे आहे: गॅरिसन यांच्या उताऱ्यानंतर लगेच युनिस रॉस यांची हकिगत वाचावी. नंतर १८४२ची परिषदही सांगावी. त्या वेळी पाद्रीवर्गावरील कठोर टीकेमुळे चिडलेल्या जमावाने दगड आणि सडकी अंडी फेकली होती. डग्लस यांचे स्वागत करणारे आणि दगड फेकणारे एकाच गावात राहत होते. काही स्थानिक मंडळी हा भाग वगळण्याची सूचना करतील. त्यांना नम्रपणे आणि ठामपणे नकार द्यावा.

ही बाजू पायी फिरून अधिक चांगली समजते. ॲथेनियमपासून निघून यॉर्क स्ट्रीटवरील आफ्रिकन मीटिंग हाऊसपर्यंत फेरी ठेवावी. १८२०च्या दशकात बांधलेली ही साधी लाकडी वास्तू प्रार्थनागृह, शाळा आणि सभागृह अशा तिन्ही रूपांत कृष्णवर्णीय समाजाचे केंद्र होती. आज ती बॉस्टन आणि नॅन्टकेट येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या ताब्यात आहे. ही वस्ती तेव्हा न्यू गिनी या नावाने ओळखली जाई. १८२२मध्ये सर्व कृष्णवर्णीय खलाशी घेऊन ‘इंडस्ट्री’ हे देवमाशांच्या शिकारीचे जहाज हाकणारे कप्तान अब्सलम बॉस्टन येथलेच. त्याच वर्षी गुलामगिरीतून पळून आलेल्या आर्थर कूपर यांच्या कुटुंबाला पकडायला माणसे आली, तेव्हा शेजाऱ्यांनी आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मिळून त्या कुटुंबाला लपवले. डग्लस यांच्या आधी जवळजवळ वीस वर्षे बेटाने ‘नाही’ म्हणण्याचा सराव केला होता तो असा. फेरीचा मार्ग ठरवताना मेन स्ट्रीटवरील गोट्यांचा रस्ता टाळावा. चाकांच्या खुर्चीला आणि काठी टेकणाऱ्याला तो फार त्रासाचा आहे.

बेटावरची व्यवस्था

ऑगस्ट हा नॅन्टकेटचा सर्वांत गर्दीचा महिना आहे. मुख्य भूमीवरील हायॅनिस बंदरातून साध्या बोटीने सुमारे सव्वादोन तास आणि वेगवान बोटीने सुमारे तासभर लागतो, पण गाडी न्यायची असल्यास आरक्षण काही महिने आधी करावे लागते आणि राहण्याची सोय महाग पडते. मुख्य भूमीवरून येणाऱ्या पाहुण्यांना एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे उतरवणे सर्वांत सोयीचे. वारा आणि धुके यांमुळे वेळापत्रक बिघडते, म्हणून प्रमुख पाहुण्याने आदल्या दिवशी पोहोचावे. तरीही बोट चुकली तर त्याचा भाग कोण वाचणार ते आधीच ठरलेले असावे.

२०२०च्या जनगणनेनुसार बेटावर १४,२५५ लोक कायम राहतात. त्यातील बरेच जण उन्हाळ्यात दिवसभर कामावर असतात. दुपारी तीनची वेळ ठेवली की कार्यक्रम फक्त सुट्टीवर आलेल्यांचा होतो. म्हणून रविवारची संध्याकाळ किंवा कामाचे तास संपल्यावरची वेळ निवडावी, संहिता स्पॅनिशमध्येही छापावी आणि एखादा परिच्छेद त्या भाषेत वाचू द्यावा. प्रवेश विनामूल्य असावा. त्याबाबत तडजोड करू नये.

ऑगस्टमध्ये शाळा बंद असतात. मुलांसाठी वेगळा उपक्रम करायचा झाल्यास १४ फेब्रुवारी हा दिवस घ्यावा. जन्मतारीख माहीत नसल्यामुळे डग्लस यांनी स्वतःसाठी निवडलेला हा वाढदिवस आहे. त्या दिवशी वर्गात युनिस रॉस यांचा अर्ज वाचून, त्याला विधिमंडळाच्या सदस्याने कसे उत्तर द्यायला हवे होते ते मुलांकडून लिहून घेता येईल.

कार्यक्रमानंतर

वाचनाचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्याची प्रत वाचकांच्या लेखी संमतीसह नॅन्टकेट हिस्टॉरिकल असोसिएशनच्या संग्रहात द्यावी. सोबत छापील पत्रिका, वाचकांची क्रमवार यादी आणि फलकाच्या मजकुराचे सर्व मसुदे द्यावेत, फेटाळलेल्या मसुद्यांसह, कारण कोणते वाक्य का बदलले हे पुढील समितीला त्यातूनच कळते. आठवडाभरात समितीची एक बैठक घ्यावी, कोणते वाचक कोणत्या परिच्छेदावर अडखळले आणि कोणत्या वस्तीतून कोणीच आले नाही याची नोंद करावी, आणि त्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीला पुढील वर्षाच्या समितीत येण्याची विनंती त्याच महिन्यात करावी.